क्लोराइडची वाट कोण उघडतं?

मुंबईच्या मुलुंड उपनगरात हेक्स्ट कंपनीचं एक संशोधन केंद्र होतं. 1970च्या दशकात तिथले रसायनशास्त्रज्ञ भारतीय वनस्पतींचे अर्क एकेक करून तपासत होते. पानओव्याच्या जवळच्या नात्यातल्या कोलियस फोर्सकोली या झुडपाच्या मुळांतून त्यांना एक पदार्थ मिळाला. तो रक्तदाब उतरवत होता आणि हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवत होता. त्याला फोर्सकोलिन हे नाव मिळालं. हे घडतं कसं याचा उलगडा 1981 मध्ये अमेरिकेत झाला. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा दूत-रेणू तयार करणारं एक विकर असतं, आणि फोर्सकोलिन त्या विकराला थेट जागं करतं.

हृदयाचं औषध म्हणून फोर्सकोलिन फार पुढे गेलं नाही. प्रयोगशाळेत मात्र ते घरचं झालं. सिस्टिक फायब्रोसिसवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत, मग ती टोरांटोची असो की उट्रेख्टची, फोर्सकोलिनची कुपी असतेच. पेशींवर त्याचा थेंब टाकला की सायक्लिक एएमपी वाढतं आणि पेशीपटलातली एक विशिष्ट क्लोराइड वाहिनी उघडते. निरोगी पेशीत ती उघडते, आजारी पेशीत उघडत नाही. या एवढ्याशा फरकावर गेल्या चाळीस वर्षांचं संशोधन आणि काही विलक्षण औषधं उभी राहिली आहेत. ती वाहिनी म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन. ते कोणाच्या हुकमाने उघडतं, कोण ते मिटवतं आणि हा ताबा नेमका कुठे सुटला की माणूस आजारी पडतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

क्लोराइड म्हणजे मिठातला अर्धा भाग. शरीरात तो ऋणभारित आयन म्हणून वावरतो. पेशीपटल तेलकट असल्याने आयन त्यातून आपणहून जाऊ शकत नाहीत, त्यांना प्रथिनांनी केलेली वाट लागते. क्लोराइड एका बाजूला सरकला की सोडियम त्याच्या मागे जातो आणि त्या दोघांच्या मागे पाणी. फुप्फुसातल्या श्वासनलिका ओल्या राहतात, आतड्यात पाणी सुटतं, स्वादुपिंडाचा रस वाहता राहतो, घाम त्वचेवर येईपर्यंत त्यातलं मीठ बरंचसं परत घेतलं जातं, ते सगळं याच हालचालीवर. सीएफटीआर स्वतः कोणताही आयन ढकलत नाही. ते उघडलं की क्लोराइड ज्या बाजूला जायचा त्या बाजूला जातो. त्यामुळे आतड्यात हे प्रथिन क्लोराइड बाहेर सोडण्याच्या कामी येतं, तर घर्मग्रंथीच्या नलिकेत आत घेण्याच्या. नवख्या वाचकाने ही गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घ्यावी. पुढच्या अनेक वादांची मुळं इथे आहेत.

आजाराचं वर्णन वाहिनीच्या शोधापेक्षा पुष्कळ जुनं. ज्या बाळाची पापी खारट लागते ते जगत नाही, अशी समजूत युरोपात शतकांपासून होती. वैद्यकीय नोंद मात्र 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी नीट बांधली. लहान मुलांच्या शवविच्छेदनांत त्यांना स्वादुपिंडात द्रवाच्या गाठी आणि तंतुमय व्रण दिसले. या मुलांना तोवर सीलिअॅकच्या, म्हणजे अन्न न पचण्याच्या दुसऱ्या एका विकाराच्या, यादीत घातलं जात होतं. गाठी आणि तंतू यांवरून आजाराला नाव पडलं, आणि बराच काळ तो स्वादुपिंडाचा आजार मानला गेला.

1948च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात येणाऱ्या मुलांमध्ये या आजाराची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती. पॉल दी सांत'अन्येसे यांनी या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि 1953 मध्ये या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असल्याचं दाखवून दिलं. घर्मग्रंथी तर दिसायला अगदी धडधाकट होत्या. त्यांत गाठ नव्हती, व्रण नव्हता. म्हणजे बिघाड अवयवाच्या रचनेत नसून मिठाच्या वाहतुकीत होता. 1959 मध्ये गिब्सन आणि कुक यांनी त्वचेवर सौम्य विद्युतप्रवाहाने पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध पोचवून घाम गोळा करण्याची पद्धत आणली. तीच चाचणी आजही निदानाचा पाया आहे: घामातलं क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरलं, तर सिस्टिक फायब्रोसिसचा संशय जवळजवळ पक्का होतो.

त्याच 1959 मध्ये कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉलऱ्याचे जंतू नव्हे, तर त्यांनी सोडलेलं विष आतड्यातून पाणी काढतं, हे त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात दाखवलं. तेव्हा या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणालाही कळण्याजोगं नव्हतं. आज तो स्पष्ट आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपीचा पूर आणतं, सीएफटीआर उघडं ठेवतं आणि रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तीच वाहिनी उघडत नाही. एकाच साखळीच्या दोन टोकांना दोन आजार आहेत. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, तेव्हा त्यांनी ही वाहिनी बंद केली नव्हती. साखरेबरोबर सोडियम आत घेणारी शेजारची वाट वापरून पाणी परत मिळवलं होतं. एका वाहिनीचा ताबा गेला तरी शेजारच्या वाहतुकीतून उपाय निघू शकतो, हा धडा सिस्टिक फायब्रोसिसच्या संशोधकांनाही पुढे अनेकदा आठवावा लागला.

1980च्या दशकाच्या आरंभी या क्षेत्रात दोन विचारधारा तयार झाल्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या नोल्स, गॅट्झी आणि बाउचर यांनी रुग्णांच्या नाकाच्या आतल्या अस्तराचा विद्युतदाब मोजला. तो निरोगी माणसांपेक्षा जास्त ऋण होता, आणि सोडियमची वाट अडवणारं अमिलोराइड टाकलं की बराचसा खाली येत होता. 1981च्या या निष्कर्षावरून त्यांचं म्हणणं असं की श्वासनलिका सोडियम वाजवीपेक्षा जास्त शोषतात, त्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी आटतं. कॅलिफोर्नियात पॉल क्विंटन घर्मग्रंथीच्या नलिकेवर काम करत होते. त्यांना स्वतःला हा आजार आहे. 1983 मध्ये त्यांनी दाखवलं की रुग्णाच्या नलिकेतून क्लोराइड जाऊच शकत नाही. एका गटाचं बोट सोडियमकडे, दुसऱ्याचं क्लोराइडकडे. दोन्ही मोजमापं बरोबर होती, हे या वादाचं वैशिष्ट्य.

पुढची पायरी एका तंत्राने गाठली. काचेच्या अतिबारीक नळीच्या टोकावर पेशीपटलाचा इवलासा तुकडा चिकटवून एकेका वाहिनीतून वाहणारा प्रवाह मोजता येऊ लागला. 1986 मध्ये मायकेल वेल्श आणि रेमंड फ्रिझेल यांच्या गटांनी सांगितलं की रुग्णांच्या पेशींत क्लोराइड वाहिन्या आहेत, फक्त त्या सायक्लिक एएमपीच्या हुकमाला दाद देत नाहीत. वाहिनी हरवलेली नसून तिचा ताबा हरवलेला आहे, ही कल्पना इथून रुजली. पुढे कळलं की तेव्हा मोजलेली वाहिनी वेगळीच होती. कल्पना मात्र टिकली, आणि विज्ञानाच्या इतिहासात असं घडतं तेव्हा त्याकडे आदराने पाहायला हवं. चुकीच्या वाहिनीवर विचारलेला प्रश्न बरोबर होता.

8 सप्टेंबर 1989च्या ‘सायन्स’ नियतकालिकात टोरांटोचे लाप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी जनुक जाहीर केलं. सातव्या गुणसूत्रावर सुमारे अडीच लाख अक्षरांचा पसारा, आणि त्यातून घडणारं 1480 अमिनो आम्लांचं प्रथिन. त्या काळी गुणसूत्रावर पायरी पायरीने चालत जाऊन जनुक शोधावं लागे. रुग्णांच्या कुटुंबांतून आलेल्या रक्ताच्या नमुन्यांशिवाय हा प्रवास झालाच नसता. पाश्चात्त्य रुग्णांपैकी बहुसंख्यांत सापडणारा दोषही त्याच वेळी हाती लागला: तीन अक्षरं गळालेली, आणि 508व्या जागेवरचं फिनिलअॅलनिन नाहीसं. हा दोष एफ508डेल या नावाने ओळखला जातो.

प्रथिनाच्या अमिनो आम्लांचा क्रम पाहून शोधकर्ते बुचकळ्यात पडले. ते एबीसी नावाच्या मोठ्या कुळातलं निघालं. या कुळातली प्रथिनं एटीपी जाळून त्या ऊर्जेवर पदार्थ पेशीपटलापलीकडे ढकलतात. कर्करोगाची औषधं पेशीबाहेर टाकून उपचार निष्फळ करणारं प्रथिनही याच कुळातलं. असलं पंपासारखं प्रथिन क्लोराइडची वाहिनी कसं असेल? की ते दुसऱ्याच एखाद्या वाहिनीवर ताबा ठेवणारं आहे? पुढची तीन वर्षं या एका प्रश्नाने भारलेली होती. 1990 मध्ये दोन गटांनी निरोगी जनुक आजारी पेशीत घालून क्लोराइडची वाहतूक सुरू करून दाखवली. पण त्याने प्रश्न सुटला नाही, कारण नियामक घातला तरी हेच झालं असतं. 1991 मध्ये वेल्श यांच्या गटाने प्रथिनातली धनभारित अमिनो आम्लं बदलली, तेव्हा कोणता आयन किती सहज जातो याचा क्रमच बदलला. नियामक बदलून वाहिनीची निवड बदलत नाही, वाहिनी बदलूनच बदलते. 1992 मध्ये टोरांटोच्या क्रिस्टीन बेअर यांनी प्रथिन पूर्ण शुद्ध करून कृत्रिम मेदपटलात बसवलं. आजूबाजूला दुसरं एकही प्रथिन नसताना त्यातून क्लोराइड वाहिला. वाद संपला. असा निर्णायक प्रयोग दुर्मीळच, आणि विद्यार्थ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचावा इतका देखणा आहे.

सीएफटीआरचा ताबा दुहेरी आहे. प्रथिनाचे दोन अर्धे भाग पेशीपटलात रुतलेले असतात आणि त्यांच्यामधून आयनांची वाट जाते. आतल्या बाजूला एटीपी धरणारे दोन भाग असतात. त्या सगळ्यांना जोडणारा, ठरावीक घडी नसलेला, सुमारे दोनशे अमिनो आम्लांचा एक सैल पट्टा असतो. त्याला आर भाग म्हणतात. इतर एबीसी प्रथिनांत तो नाही. सायक्लिक एएमपी वाढलं की प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं होतं आणि आर भागावर जागोजाग फॉस्फेट चिकटवतं. तोवर हा पट्टा दोन अर्ध्या भागांच्या फटीत अडकून बसलेला असतो. फॉस्फेट लागल्यावर तो बाजूला होतो. मग एटीपी धरणारे दोन भाग एकमेकांना भिडतात आणि वाहिनी उघडते. दोनपैकी एकाच जागी एटीपीचं विघटन होतं. ते झालं की भिडलेले भाग सुटतात आणि वाहिनी मिटते. गावाकडच्या पाटपाण्याची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल: पाळी मंजूर झाल्याशिवाय दार उघडत नाही, आणि मंजुरी मिळाली तरी पाटकऱ्याने येऊन ते वर करावं लागतं. फॉस्फेट ही मंजुरी आणि एटीपी हा पाटकरी. रॉकफेलर विद्यापीठात डेव्हिड गॅड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यंत्रणा अनेक वर्षांच्या चिकाटीच्या मोजमापांनी उलगडली. पुढे त्याच विद्यापीठात ज्यू चेन यांच्या प्रयोगशाळेने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आधी झेब्रामाशाच्या आणि 2017 मध्ये माणसाच्या सीएफटीआरची रचना प्रत्यक्ष दाखवली. आर भाग खरोखरच फटीत बसलेला होता.

ताबा इथेच संपत नाही. प्रथिन आधी नीट घडावं लागतं, पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचावं लागतं आणि तिथे टिकावं लागतं. पृष्ठभागावर त्याचं शेपूट जवळच्या आधार-प्रथिनांना बांधलेलं असतं आणि तीच प्रोटीन कायनेज ए त्याच्या जवळ आणून ठेवतात. त्यामुळे निरोगी पेशीत सायक्लिक एएमपीची सगळीकडे लाट यावी लागत नाही. वाहिनीच्या अंगणात थोडंसं वाढलं तरी पुरतं. फोर्सकोलिन सगळी पेशी भरून टाकतं, शरीर एवढं उधळं नाही. प्रयोगातले आकडे वाचताना हा फरक विसरला की निष्कर्ष फसतात. पेशीची ऊर्जा खालावली की एएमपीके नावाचं विकर वाहिनीला आवर घालतं. रुग्णांच्या फुप्फुसात ठाण मांडणारा स्यूडोमोनास हा जंतूही स्वस्थ बसत नाही. तो सिफ नावाचं प्रथिन सोडतो, आणि पृष्ठभागावरून आत ओढल्या गेलेल्या सीएफटीआरचा पुनर्वापर न होता ते मोडीत निघतं. सिगारेटच्या धुराने तर जनुक निर्दोष असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेतही या वाहिनीचं काम मंदावतं. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या अभ्यासकांना म्हणूनच हे प्रथिन आता परकं राहिलेलं नाही.

एफ508डेल या दोषाचं कोडं 1990 मध्ये उलगडू लागलं. एका अमिनो आम्लाच्या अभावी प्रथिनाची घडी बिघडते, पेशीची तपासणी यंत्रणा त्याला आंतर्द्रव्यजालिकेतच अडवते आणि पुढे त्याचे तुकडे होतात. ते पृष्ठभागावर पोचतच नाही. 1992 मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट दिसली: पेशी 27 अंशांच्या आसपास वाढवल्या तर काही प्रथिन सुटून वर येतं आणि थोडंफार कामही करतं. म्हणजे ते पुरतं निकामी नव्हतं. पुढच्या औषधांची शक्यता या निरीक्षणात होती. मात्र वर आलेलं प्रथिन कमी वेळा उघडतं आणि लवकर मोडीतही निघतं. एकाच दोषाने ताबा तीन ठिकाणी सुटलेला.

1993 मध्ये वेल्श आणि अॅलन स्मिथ यांनी दोषांचे वर्ग पाडले: प्रथिन बनतच नाही, बनतं पण अडतं, पोचतं पण उघडत नाही, उघडतं पण प्रवाह क्षीण. पुढे त्यांत भर पडून सहा वर्ग झाले. परीक्षेच्या दृष्टीने हे सोयीचं आहे आणि म्हणून पाठ्यपुस्तकांत ते रुळलं. पण एफ508डेल तीन वर्गांत बसतो, हे वर दिसलंच. या पुस्तकाने वर्गांचा आधार घेतला आहे, त्यांची चौकट मात्र घातलेली नाही, आणि ती भूमिका योग्य आहे. रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला वर्गाचा क्रमांक नको असतो. साखळी कुठल्या कुठल्या कडीत तुटली आहे हे हवं असतं.

औषधांनी हे सिद्ध केलं. सॅन डिएगोतल्या एका कंपनीत, जी 2001 मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीने घेतली, हेसूस गोन्झालेझ यांनी विकसित केलेल्या विद्युतदाब दाखवणाऱ्या रंगांच्या साहाय्याने लाखो रसायनं पेशींवर तपासली गेली. पॉल नेग्युलेस्क्यू आणि फ्रेडरिक व्हॅन गूर यांच्या गटाला त्यातून मिळालेलं इव्हाकाफ्टर हे औषध पृष्ठभागावर असलेल्या वाहिनीला जास्त वेळ उघडं ठेवतं. जी551डी दोषात प्रथिन पोचतं पण एटीपीला दाद देत नाही. नेमक्या त्या रुग्णांवर ते चाललं. घामातलं क्लोराइड लिटरमागे सरासरी 48 मिलिमोलने खाली आलं. जानेवारी 2012 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. असे रुग्ण तिथे शंभरात चार-पाच. एफ508डेलसाठी आधी घडी सुधारणारं औषध हवं होतं. पहिली जोडी 2015 मध्ये आली, तिचा गुण बेताचाच होता. मग वेगवेगळ्या जागी घडी सावरणारी दोन औषधं आणि इव्हाकाफ्टर असं तिहेरी संयुग ऑक्टोबर 2019 मध्ये मान्य झालं: एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि इव्हाकाफ्टर. फुप्फुसाची क्षमता सुमारे 14 टक्केगुणांनी वाढली आणि आजार उसळण्याचे प्रसंग 63 टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या काहींची नावं यादीतून निघाली. 2025चा लास्कर-डिबेकी पुरस्कार वेल्श, गोन्झालेझ आणि नेग्युलेस्क्यू यांना याच कामासाठी मिळाला.

यशाच्या या कथेत अपयशांची जागा कमी करू नये. सोडियमवाल्या विचारधारेने जोर दिलेलं पाण्याच्या पातळ थराचं गणित बरोबर ठरलं, आणि तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ घेण्याचा स्वस्त उपचार 2006 पासून जगभर रूढ झाला. तो सुचण्यामागे लाटांवर खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांची तब्येत बरी असल्याचं निरीक्षण होतं. पण सोडियमची वाट अडवणारी औषधं रुग्णांत फारशी चालली नाहीत. सीएफटीआर वगळून शेजारची कॅल्शियमने उघडणारी क्लोराइड वाहिनी चालवावी, या कल्पनेवरचं डेनुफोसोल शेवटच्या टप्प्यात 2011 मध्ये पडलं. जनुक-उपचाराचे प्रयोग 1993 पासून माणसांवर सुरू झाले. फुप्फुसाच्या अस्तरात जनुक पोचवणं आणि टिकवणं तेव्हा जमलं नाही, अजूनही कठीणच जातं आहे. क्लोराइडबरोबर सीएफटीआरमधून बायकार्बोनेटही जातं, आणि ते नसलं की कफाचे रेणू नीट उलगडत नाहीत, हा क्विंटन यांनी 2008 मध्ये पुढे आणलेला मुद्दा आजच्या सर्वांत जिवंत चर्चांपैकी आहे. याच काळात आलेल्या सीएफटीआर नसलेल्या डुकरांच्या पिलांत श्वासनलिकेवरचा द्रव जास्त आम्लधर्मी निघाला आणि त्याची जंतू मारण्याची शक्ती घटलेली दिसली.

भारतात हा आजार नाहीच, असं दीर्घकाळ मानलं जाई. 1968च्या सुमारास इथली पहिली नोंद झाली आणि पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुशील काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची मोठी मालिका पुढे आणली, घाम गोळा करण्याची स्वस्त देशी पद्धतही बसवली. आजार होताच, त्याला क्षयरोग, दमा, कुपोषण किंवा न बरा होणारा न्यूमोनिया म्हटलं जात होतं. उष्ण प्रदेशात त्याचा आणखी एक चेहरा दिसतो. मीठ घामावाटे निघून गेल्याने बाळ मलूल होतं, रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम घसरतं, आणि फुप्फुसाची तक्रार अजून सुरूही झालेली नसते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं बाळ समोर आलं तर घामाची चाचणी आठवावी, एवढं एक वाक्य इथल्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या मनात राहिलं तरी पुष्कळ. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्यांचाही या प्रथिनाशी संबंध येतो: जन्मतः शुक्रवाहिनी नसलेल्या अनेक पुरुषांत याच जनुकाचे दोष सापडतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना फुप्फुसाचा त्रास कधीच झालेला नसतो.

भारतीय रुग्णांत एफ508डेलचं प्रमाण युरोपपेक्षा बरंच कमी आहे. इतर, विरळ आणि कित्येकदा न अभ्यासलेले दोष जास्त आहेत. याचे परिणाम दूरवर जातात. ब्रिटनमध्ये 2007 पासून प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी होते, अमेरिकेच्या सर्व राज्यांत 2010 पर्यंत ती सुरू झाली. पण या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या याद्या प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून घडलेल्या आहेत. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत जन्मलेलं मराठी बाळ म्हणूनच त्या जाळीतून निसटण्याची शक्यता जास्त. निदान झालं तरी औषध त्याच्या दोषावर चालतं की नाही याची माहिती नसण्याचीही.

इथे ताब्याच्या अभ्यासाला आज नवं महत्त्व येतं. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इव्हाकाफ्टरची मान्यता 10 दोषांवरून 33 दोषांपर्यंत वाढवली, ती रुग्णांवरच्या नव्या चाचण्यांशिवाय, प्रयोगशाळेत पेशींतल्या क्लोराइड प्रवाहाच्या मोजमापांवरून. उट्रेख्टमध्ये रुग्णाच्या आतड्यातून घेतलेल्या पेशींचे इवले गोळे वाढवतात. त्यांवर मुलुंडहून जगात गेलेलं फोर्सकोलिन टाकलं की निरोगी गोळे पाण्याने फुगतात, आजारी फुगत नाहीत, आणि औषध लागू असेल तर फुगू लागतात. एखाद्या बाळाचा दोष जगात इतर कोणातच सापडलेला नसला, तरी त्याच्या स्वतःच्या पेशींना प्रश्न विचारता येतो. या जनुकात दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेले आहेत; त्यांतल्या दक्षिण आशियाई बदलांची अशी चाचणी इथल्या प्रयोगशाळांनी करायला हवी. त्यासाठी लागणारी कौशल्यं आपल्याकडे आहेत.

किमतीचा प्रश्नही टाळता येत नाही. तिहेरी संयुगाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला सुमारे 3,11,000 डॉलर होती. या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या रुग्ण-संघटनेने, म्हणजे अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने, आपला स्वामित्वधनाचा वाटा 2014 मध्ये 3.3 अब्ज डॉलरला विकला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधल्या रुग्णांनी आणि संघटनांनी एकाच वेळी या औषधाच्या मक्तेदारीविरुद्ध कायदेशीर पावलं उचलली. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराचं औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एका प्रथिनाचं उघडणं-मिटणं इतकं नेमकं कळल्यावर ते ज्ञान मूठभर देशांतल्या मुलांपुरतं राहावं, हे मान्य करण्याजोगं नाही.

प्रस्तुत पुस्तक हे उपचारांची मार्गदर्शिका नाही आणि जीवभौतिकीचं पाठ्यपुस्तकही नाही. बारावीपर्यंतचं जीवशास्त्र झालेल्या वाचकाला ते जनुकापासून पेशीच्या पृष्ठभागापर्यंत या प्रथिनाबरोबर चालवत नेतं आणि प्रत्येक टप्प्यावर एकच विचारणा करतं: इथे ताबा कोणाचा, आणि तो कसा मोजला गेला? मोजमापांवरचा हा भर मुद्दाम आहे. निष्कर्ष सांगून मोकळं होण्याऐवजी प्रयोग कसा रचला होता, कशामुळे दुसरी शक्यता बाद झाली, हे इथे सविस्तर येतं. म्हणून 1990 ते 1992च्या तीन वर्षांना पुस्तकात भरपूर पानं दिली आहेत, तर क्लोराइड वाहिन्यांची इतर कुळं, म्हणजे स्नायूंतली, मूत्रपिंडातली, पेशीचं आकारमान सांभाळणारी, तुलनेपुरतीच आली आहेत. प्रवाहाचे आलेख कसे वाचायचे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ती पानं ओलांडून जाऊ नयेत. थोड्या सरावाने ते वाचता येतात आणि त्यानंतर शोधनिबंधही परके वाटत नाहीत. रुग्णांच्या आईवडिलांनी दोषांविषयीचा भाग वाचताना आपल्या मुलाच्या अहवालातला दोष शोधावा; तो सापडला नाही तर त्याचा अर्थ उपाय नाही असा होत नाही, तो अजून तपासला गेला नसावा इतकाच होतो.

दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला आजची औषधं उपयोगी पडत नाहीत, कारण त्याच्या पेशीत सावरायला प्रथिनच तयार होत नाही. डब्ल्यू1282एक्ससारख्या दोषात जनुकाच्या वाचनाला मध्येच विराम पडतो. तो विराम ओलांडायला लावणारी रसायनं, फुप्फुसात फवाऱ्याने पोचवायचा दूत-आरएनए आणि जनुकातली चूक जागच्या जागी दुरुस्त करण्याची तंत्रं यांवर काम चालू आहे. पुस्तकाचा शेवटचा भाग या प्रयत्नांना दिलेला आहे. ऊतीत असं नवं प्रथिन तयार झालं तर त्यावर शरीर पूर्वीसारखाच ताबा ठेवेल का, योग्य पेशीत ते योग्य प्रमाणात उघडेल-मिटेल का, हे प्रश्न तिथे मोकळे ठेवले आहेत.